मदत हवी आहे: गिअर सायकलचं फ्रीव्हील ऑनलाइन मागवू का गावातच घेऊ?

परभणीकडं कोणी गिअरची सायकल वापरणारे असतील तर जरा सांगा. भाच्याची २६ इंची सायकल आहे, मागं सात गिअर, रोज क्लासला तिच्यावरच जातो. चेन लई सैल झाली म्हणून नवीन टाकली तर आता उलटंच व्हायलंय, चढाला जोर दिला की खाडकन घसरायली. दुकानदार काका म्हणायलेत नवीन चेन जुन्या दातांवर बसत नाही, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) पण बदला. ते पटतंय, कारण मधल्या दोन चकत्यांचे दात करवतीवानी एका बाजूला कललेत आणि बाकीच्या कोऱ्याच दिसतात (पोरगं कायम त्या दोनच गिअरवर चालवतं, किती बी सांगा).

पण काकाकडं सहा गिअरचंच आहे, सातचं म्हणे नांदेडहून माल येईल तेव्हा, आणि तो कधी येईल ते त्यांना बी माहीत नाही. ऑनलाइन शिमॅनो कंपनीचं १४-२८ दाती (लहान चकतीला १४, मोठीला २८ दात) दिसतंय आणि स्वस्तही आहे, पण खाली वाचलं तर कोणाला सहाचंच आलंय, कोणाला नुसतं बिनछापाचं. ब्रेक शू, वायर, ट्यूब मी इथंच घेतो, डिलिव्हरी चार्ज धरला की ते ऑनलाइन परवडतच नाही. शिवाय काका रात्री दुकान बंद करता करता पण पंक्चर काढून देणारा माणूस, बाहेरचा माल घेऊन त्याच्याच दारात बसवायला जायचं म्हणजे कसंतरी वाटतं. काय करू?

प्रतिसाद:
भाऊ, आधी ते फ्रीव्हीलच (हबवर आट्यांनी आवळलेलं) आहे का कॅसेट (हबवर नुसता सरकवून बसवलेला चकत्यांचा संच) ते बघा. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. चाक काढून चकत्या उलट्या फिरवा, मधे पाना बसायच्या खाचा आहेत त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. स्वस्तातल्या सात गिअरला बहुतेक फ्रीव्हीलच असतं. मोठ्या चकतीला जुन्याएवढेच दात घ्या, उगं ३४ दाती मागवलं तर चेन आखूड पडायची. आणि काढायचं काम घरी करू नका, पायडल मारून मारून ते घट्ट होत जातं, खाचांचा पाना आणि व्हाइस लागतो. कोणी छन्नी-हातोडा घेऊन बसला तर सायकल उचलून घरी या. काकाला सरळ विचारा, मजुरी घ्या म्हणावं, त्यात लाजायचं काय.

इथून पुढं चेन मोजत जा, चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की लगेच बदला, एक सूत होईपर्यंत चालवली तर फ्रीव्हील घेऊनच जाते.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. खाचा जागेवरच राहिल्या. काका म्हणे आण, बसवून देतो, फक्त खराब निघालं तर माझ्याकडं येऊ नको. ऑर्डर टाकायलो, परत घेणारा विक्रेता बघूनच. चाक खोलणारच आहे तर मागच्या हबचे छर्रे पण बदलून घेऊ का? दोन सुतीच ना?

प्रतिसाद:
हो, दोन सुती, एका बाजूला नऊ. ग्रीस पण नवीन भरायला सांगा. छर्रे मात्र काकाकडूनच घ्या.