३२ जीबीचा टॅब, जागा गेली कुठे?

प्रश्न: फोटो उडवले, दोन गेम काढले, तरी 'जागा शिल्लक नाही' हा धोशा चालूच. काल भाचीच्या नाचाचं शूटिंग ऐन गिरकीत थांबलं!

उत्तर १: गॅलरीची कचरापेटी बघा. उडवलेले फोटो बहुधा ३० दिवस तिथेच मुक्काम ठोकून असतात.

उत्तर २: शिवाय ३२ पुरते मिळत नाहीतच. विकणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. १०००ऐवजी १०२४च्या पटीत मोजलं, तर ते ३२ जीबी २९.८च भरतात. त्यातून सिस्टिमचा वाटा वेगळा. ॲपचा कॅशे (तात्पुरती साठवण) खुशाल पुसा, पण शेजारच्या 'डेटा पुसा'ला हात लावू नका, त्याने ॲपमधलं सगळंच जातं. मी लावला, चार वर्षांच्या नोंदी गेल्या.

प्रश्नकर्ती: कचरापेटीत ६ जीबी निघाले! डाउनलोडमध्ये एकाच पीडीएफच्या सात प्रती. त्या माझ्याच, कबूल.