प्रति: जास्त पेन्शनवाला पर्याय घेऊ का?

भाऊ, एकट्याच्या नावावरची, मूळ रक्कम परत न देणारी अ‍ॅन्युइटी (एकरकमी पैसे भरून विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारी पेन्शन) घेतली की महिन्याला जास्त पैसे येतात हे खरंय, पण तुमच्यानंतर वहिनींना त्यातून एक रुपया नाही! भुसावळच्या रेल्वेवाल्यांना फॅमिली पेन्शन असते, तशी सोय आपल्यासारख्या खाजगीवाल्यांनी स्वतःच करायची असते. आमच्या पप्पांच्या वेळी आम्ही जॉइंट लाइफ १०० टक्केवाला (नवरा-बायको दोघांच्या नावावरचा, एक गेला तरी दुसऱ्याला पूर्ण पेन्शन चालू राहते तो) पर्याय घेतला, महिन्याची पेन्शन थोडी कमी बसली पण आज जळगावला मम्मी त्याच्यावरच घर चालवते, कोणापुढे हात पसरत नाही. पोरं कमावती असतील तर मूळ रक्कम परतवाला (दोघांच्या नंतर भरलेले पैसे वारसांना मिळतात तो) नका घेऊ, त्यात महिन्याचे पैसे अजून कमी होतात. आणि एकदा ठरलं की पर्याय बदलता येत नाही, म्हणून सही करण्याआधी वहिनींना शेजारी बसवून आकडे दाखवा.