धाबं गळतंय, पण देणगीदार कंपनीचा माल लावायचा का?

कारेलीबागवाली
आमची 24 फ्लॅटची जुनी सोसायटी. उत्तरायणाला सगळे धाब्यावर नाचतात आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरचे लोक तपेली मांडत बसतात. यंदा वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. तीन कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्त कोटेशन दुसऱ्यापेक्षा 38 हजारांनी कमी आहे, पण त्यातला माल एका बड्या कंपनीचा. नाव घेत नाही. मार्च 2024 मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्टोरल बॉण्डच्या, म्हणजे पक्षांना निनावी देणगी द्यायला बँकेतून घेतलेल्या रोख्यांच्या याद्या जाहीर केल्या, त्यात मी ते नाव वाचलं होतं. आठवड्याभरात बॉण्डचे क्रमांकही आले, तेव्हा रात्री बसून पैसा कुठल्या पक्षाच्या खात्यात गेला तेही जुळवून पाहिलं. त्या पक्षाला मी जन्मात मत दिलेलं नाही. मग माझ्या मेन्टेनन्सचा पैसा तिकडे का जावा?

मीटिंगमध्ये हे बोलले तर सेक्रेटरीभाई म्हणाले, "बेन, धाबं गळतंय, पक्ष नाही." सगळे हसले. मला अजून हसू आलेलं नाही. तुम्ही काय केलं असतंत?

मकरपुऱ्याचा_डीलर
ताई, मी हाच धंदा करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. तुम्ही डबा नाकारलात तर कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिच्या लेखी बडोदं म्हणजे एक डेपो. टार्गेट माझं चुकतं, वर्षाअखेरची स्कीम माझी जाते, आणि धाब्यावर केमिकल मारणाऱ्या कारागिराचे चार दिवस बुडतात. आम्ही कुणाला देणगी दिली? गणपतीची पावती फाडतो तेवढीच.

फतेगंज_हॉस्टेल
हाच युक्तिवाद 1905 मध्ये विलायती कापड विकणारे करत असतील. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारीच बहिष्कार होता. आणि बडोद्याने तरी हे विसरू नये, अरविंद घोष तेव्हा इथल्याच कॉलेजात शिकवत होते. दुकानदाराला झळ बसते म्हणून थांबायचं तर कधीच काही करता यायचं नाही.

ताळेबंद
टिळकांना इतक्या लवकर बोलावू नका. विलायती कापडाला पर्याय म्हणून स्वदेशी कापड होतं. इथे पर्याय कुठला?

मी सीए आहे, म्हणून थोडा हिशेब. कंपन्यांच्या देणग्या हे आजचं दुखणं नाही. 1957 मध्ये एका बड्या पोलाद कंपनीला पक्षांना पैसे देण्याची मुभा हवी होती. मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांनी ती दिली, पण हा प्रकार लोकशाहीला घातक ठरू शकतो हेही बजावलं. (तेव्हा बडोदं मुंबई राज्यातच होतं, म्हणजे हा आपल्याच न्यायालयाचा निकाल.) 1969 मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. पुढे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के अशी मर्यादा होती. 2017 मध्ये ती काढली आणि पक्षाचं नाव सांगायची अटही काढली. तोट्यातली कंपनीसुद्धा वाटेल तेवढं देऊ शकत होती. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने बॉण्ड घटनाबाह्य ठरवले, त्यासोबत हे बदलही गेले.

आता प्रश्न ताईंना. दुसऱ्या कोटेशनवाली कंपनी इलेक्टोरल ट्रस्टमधून (कंपन्यांकडून पैसे घेऊन पक्षांना वाटणारी संस्था) देते का, हे पाहिलंत?

कारेलीबागवाली
नव्हतं पाहिलं. तुम्ही विचारल्यावर पाहिलं. ट्रस्टच्या अहवालात तिचं नाव आहे. ट्रस्टने त्या वर्षी तीन-चार पक्षांना पैसे वाटले, पण हिचा रुपया कुणाकडे गेला ते त्यातून कळत नाही.

ताळेबंद
कळणारच नाही. ट्रस्टला वर्षभरात आलेल्या पैशातले 95 टक्के वाटावे लागतात, पण सगळं एका हंड्यात ओतून. म्हणजे जिचा हिशेब जुळवता आला तिला शिक्षा, आणि जिने पैसा हंड्यात मिसळला ती सोवळी. असा बहिष्कार चालला तर कंपन्या एवढंच शिकतील की पैसा लपवून द्यावा.

फतेगंज_हॉस्टेल
काका, म्हणजे चोर सापडला तर सोडून द्या, कारण दुसरा सापडला नाही?

ताळेबंद
चोर कोण? देणगी कायदेशीर आहे.

रावपुऱ्याचे_आजोबा
मला बहिष्कार हा शब्दच सोसत नाही. माझ्या आजीच्या माहेरच्यांना कोकणात गावाने वाळीत टाकलं होतं. विहीर बंद, न्हावी बंद, तिच्या बापाला खांदा द्यायला घरचेच चौघे. महाराष्ट्राला त्यावर कायदा करायला 2016 साल उजाडलं. आता तुम्ही कंपनीचा पक्ष बघून माल घेणार. मग शेजारची सोसायटी दुकानदाराचं आडनाव बघून भाजी घेणार. तसे मेसेज या शहरात फिरतात, माझ्याच नातवाच्या फोनवर आलेत. तेव्हा त्यांना कुठल्या तोंडाने सांगाल की हे चूक आहे?

कारेलीबागवाली
आजोबा, रात्री हे वाचून बराच वेळ बसून राहिले. पण आडनाव कुणी ठराव करून घेतं का? कंपनीच्या देणगीला संचालक मंडळाचा ठराव लागतो, पाच-दहा जण टेबलाशी बसून ठरवतात. वाळीत टाकणारं गाव दुबळ्याचं पाणी तोडतं. मी कंपनीचा एक डबा घेतला नाही तर तिचं कुठलं पाणी तुटलं? दोन्हींना मराठीत शब्द एकच आहे, हे आपलं दुर्दैव.

रावपुऱ्याचे_आजोबा
ठरावाचं पटलं. पण तुम्ही एकट्या कुठे नाकारताय? चोवीस घरांना नाकारायला लावताय.

वाघोडिया_रोड
मी वरच्या मजल्यावर राहते (तुमच्या नाही, माझ्या सोसायटीच्या). भिंतीला ओल, पोपडे गादीवर, मुलाला बारा महिने खोकला. 38 हजार भागिले 24, घरटी 1,583 रुपये. तत्त्व तुमचं असेल तर तेवीस घरांचा फरकही तुम्हीच भरा ना! आणि राग येऊ देऊ नका, पण हीच देणगी तुमच्या आवडत्या पक्षाला गेली असती तर तुम्ही रात्री बसून क्रमांक जुळवले असते?

कारेलीबागवाली
नसते जुळवले. खोटं कशाला बोलू?

फतेगंज_हॉस्टेल
मग काय झालं? प्रत्येक जण आपल्या रागाचा क्रमांक जुळवेल, दुसऱ्या बाजूचे त्यांचा जुळवतील. कंपन्यांना दोन्हीकडून धाक राहील.

मकरपुऱ्याचा_डीलर
आणि डीलर दोन्हीकडून मरेल.

कारेलीबागवाली
काल पुन्हा मीटिंग झाली. फरक भरायची माझी तयारी नव्हती, हे तिथेच सांगितलं. मग सोसायटीच्या पैशावर मी हट्ट धरू शकत नाही. स्वस्त कोटेशन पास झालं, सोमवारी काम सुरू. मिनिटबुकात माझा विरोध कारणासकट लिहून घेतला. सेक्रेटरीभाईंनी गुजरातीत लिहिला, आणि यावेळी कुणी हसलं नाही. दिवाळीला माझ्या दोन खोल्या रंगवायच्या आहेत, तिथे मात्र त्या कंपनीचा डबा येणार नाही. तो पैसा निव्वळ माझा.

@ताळेबंद, दुसरीचाही नाही. बॉण्ड आणि ट्रस्ट दोन्ही याद्यांत नाही असा एक छोटा कारखाना सापडलाय.

ताळेबंद
छोटे लहान रकमांत देतात, ताई. एका माणसाकडून 20 हजारांपर्यंत घेतलं तर पक्षाला आयोगाकडे नावही द्यावं लागत नाही.

मकरपुऱ्याचा_डीलर
त्या कारखान्याचा माल ठेवतो मी. शेड कार्ड घरी पाठवू?