शब्दचर्चा : शिडांच्या जहाजावरचा ‘कॅप्टन’ मराठीत कोण?

मांडवीकाठ, पणजी

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी थॉमस कॉक्रन (१७७५–१८६०) ह्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यावर लेख लिहिते आहे. शिडांच्या जहाजांचा काळ, नेपोलियनशी चाललेली युद्धे, आणि चौदा हलक्या तोफांच्या ‘स्पीडी’ जहाजावरून बत्तीस तोफांचे स्पॅनिश ‘गामो’ जहाज जिंकणारा हा माणूस. गाडी पहिल्याच वाक्यात अडली आहे. ‘धाडसी कॅप्टन’ लिहिले की क्रिकेटचा संघ डोळ्यांपुढे येतो. जुन्या कागदांत नाखुदा, तांडेल, सारंग, सरखेल असे शब्द भेटतात. आपल्या गोव्यात तारवटी तर घरोघरी. ह्यांतला कोणता घ्यावा? लढाईच्या वर्णनातही शब्द हवे आहेत.

देवगड बंदर

तांडेल घेऊ नका. मच्छीमारीच्या होडीवर तांडेल सर्वेसर्वा असतो हे खरे, पण मोठ्या जहाजावरच्या लष्करी उतरंडीत तो बराच खाली येतो. कंपनीच्या काळातल्या जहाजांवर खलाशांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. दोघेही साहेबाकडून हुकूम घेणारे.

फोंड्याची वाचक

मांडवीकाठ बाय, प्रश्न छान काढलात. थोडे सविस्तर लिहिते, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि मग इतिहासच धूसर होतो.

नाखुदा फारसीतून आला. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. व्यापारी जहाज, माल, भाडे, बंदराचा हिशेब हे सगळे त्या शब्दाला चिकटलेले आहे. कोळ्यांचा नाखवा त्याचाच भाऊ. लढाऊ जहाजावरच्या पगारी अधिकाऱ्याला नाखुदा म्हटले तर जहाज त्याच्या मालकीचे वाटेल.

सरखेल म्हणजे पथकाचा प्रमुख. तोही फारसी, आणि मूळचा घोडदळाकडचा. मराठीत मात्र तो समुद्राला कायमचा बांधला गेला तो कान्होजी आंग्र्यांमुळे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेल हे पद त्यांच्याकडे राहिले. त्यांच्या हाताखाली गुराबा (दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ जहाजे) होत्या, गलबते होती, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे जलदुर्ग होते. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून गेले, खुद्द व्हाइसरॉय बरोबर होता, तरी हात हलवत परतले. सरखेल हा असा अख्ख्या आरमाराचा धनी. एका जहाजाच्या प्रमुखाला तो शब्द लावणे म्हणजे फौजदाराला पोलीस महासंचालक म्हणणे. कॉक्रनलाही तो लागू पडेल, पण पुढे, १८१८ मध्ये चिलीच्या आरमाराची सूत्रे हाती घेतल्यानंतर.

तारवटी तर बाजूलाच ठेवा. तारवावर नोकरी करणारा तो तारवटी, मग तो आचारी असो की इंजिनियर. त्यात हुद्दा नाही, पोटापाण्याची वाट आहे.

माझे मत कप्तान. पोर्तुगीज कापितांवशी नाते सांगणारा हा शब्द मराठीत मुरलेला आहे. पोर्तुगीज म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. खुद्द ‘आरमार’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून घडवला आणि मग त्याच आरमाराने त्यांची झोप उडवली. काडतूस, पिस्तूल त्याच वाटेने आले.

वास्को, गोदीजवळ

कर्णधार का नको? कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार. ‘तारिणी’ ही शिडाची नौका दिवाडी बेटावर बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून, पृथ्वीप्रदक्षिणा करून, ती २१ मे २०१८ ला परत आली. सहाही जणी नौदलातल्या, नेतृत्व वर्तिका जोशींचे. त्यांना कर्णधार म्हणताना काही खटकत नाही.

फोंड्याची वाचक

तारिणीला चपखल आहे, कारण तिथे प्रमुख स्वतः पाळीने सुकाणू धरते. कॉक्रनच्या काळच्या लढाऊ जहाजावर सुकाणूवर वेगळा माणूस असे आणि कप्तान हुकूम देई. स्पीडी-गामोच्या लढाईतच पहा, सुकाणू कोणाच्या हातात होते ते! खाली सांगते.

त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. त्या आरमारात जहाज ज्याच्या ताब्यात, त्याला सगळे कॅप्टनच म्हणत. पण तो हुद्दा वेगळा. ‘स्पीडी’ जहाज हाती होते तेव्हा कॉक्रनचा हुद्दा एक पायरी खालचा, कमांडरचा. कॅप्टनचा हुद्दा त्याला ऑगस्ट १८०१ मध्ये मिळाला, लढाई जिंकल्यावर. तेव्हा लेखात सुरुवातीला ‘स्पीडीचा कप्तान’ लिहा आणि पुढे ‘कप्तानाचा हुद्दा मिळाला’ असे स्वतंत्र वाक्य येऊ द्या. नाहीतर वाचक विचारील, आधीच कप्तान होता तर मिळाले काय?

आता लढाई. तारीख ६ मे १८०१, बार्सिलोनाजवळचा समुद्र. स्पीडी दोन डोलकाठ्यांचे, १५८ टनांचे. आपल्याकडच्या मोजमापाने लहानशी गुराब. तोफा चार पौंडी गोळ्यांच्या. त्या दिवशी जहाजावर पोरे धरून ५४ जण. समोर स्पॅनिश ‘गामो’, सहाशे टनांच्या वर, ३१९ माणसे. कॉक्रनने आधी अमेरिकेचा बावटा चढवला. समोरचे बुचकळ्यात पडले तेवढ्या वेळात जवळ सरकला आणि मग आपला बावटा फडकवून थेट गामोच्या कुशीला भिडला. परबाणे (शिडे बांधायचे आडवे दांडे) एकमेकांच्या दोरखंडांत अडकली. इथेच सगळी मेख आहे. गामो उंच, स्पीडी बुटके. गामोच्या तोफांचे गोळे स्पीडीच्या शिडांतून वरच्या वर जात राहिले, तर स्पीडीच्या तोफा तोंडे वर करून, एकेकीत तीन तीन गोळे ठासून, खालून गामोची फळी फोडत राहिल्या. पहिल्याच माऱ्यात स्पॅनिश कप्तान पडला.

मग जवळजवळ सगळीच माणसे शत्रूच्या जहाजावर चढली. मागे सुकाणूवर राहिला तो जहाजाचा डॉक्टर. काही जण तोंडाला काळे फासून नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून चढले, त्यांना धुरातून येताना पाहून स्पॅनिश खलाशी थबकले. ऐन धुमश्चक्रीत कॉक्रनने एका माणसाकरवी गामोचा बावटा खाली उतरवला. आपल्याच अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली असे समजून स्पॅनिश लोकांनी हत्यारे टाकली. स्पीडीचे तिघे मेले, आठ जखमी. गामोचे कप्तान धरून पंधरा मेले, एक्केचाळीस जखमी.

म्हणून ‘धाडसी’ ह्या विशेषणाकडेही पुन्हा पाहा. ‘जिवावर उदार होऊन’ असे लिहू नका, तो तसा नव्हताच. ‘साहसी’ला तर जुना डाग आहे. स्मृतिग्रंथांत साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, दरोडा त्यात मोडतो. ‘निधड्या छातीचा’ चालेल, पण त्याच्या जोडीला ‘हिशेबी’ हवाच. शत्रूच्या तोफा किती उंचीवर आहेत हे ताडून मगच तो भिडला. मराठीत दोन्ही गुण एका शब्दात मावत नाहीत, तेव्हा दोन वापरा, संकोच करू नका.

देवगड बंदर

वर्णन वाचून अंगावर काटा आला. दोन शब्द माझ्याकडून. शत्रूचे जहाज जिंकले की ‘पाडाव केले’ म्हणावे, आंग्रे-धुळपांच्या कागदांतला शब्द आहे. विजयदुर्गच्या आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ पाडाव केले, तिथे हाच शब्द शोभतो. फक्त ‘पडाव’शी गल्लत नको, ती एक प्रकारची होडी. आणि परबाण हा शब्द वापरलात त्याचे विशेष बरे वाटले. आमच्याकडे यांत्रिक होड्या आल्यापासून पोरांना तो माहीत नाही.

मांडवीकाठ, पणजी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा एक अडथळा. १८२३ मध्ये हाच कॉक्रन ब्राझीलच्या बाजूने पोर्तुगीजांविरुद्ध लढला. मारान्याव बंदरात तो एकटे जहाज घेऊन शिरला, मागून मोठे आरमार येते आहे असे भासवले, आणि तिथल्या पोर्तुगीजांनी बंदर सोडले. ह्याला काय म्हणू? फसवणूक हा शब्द मला जड वाटतो.

फोंड्याची वाचक

हूल. ‘आरमाराची हूल दिली’ असे लिहा. फसवणुकीत लबाडी येते, हुलीत डाव येतो. त्याच शब्दाच्या घरातली हुलकावणीही तुम्हाला उपयोगी पडेल. स्पीडीवर असताना रात्री पाठलाग होत होता तेव्हा त्याने पिंपावर कंदील लावून तो पाण्यात सोडला, आपले दिवे मालवले आणि दिशा बदलली. पाठलाग करणारे कंदिलामागे गेले. तिथे ‘हुलकावणी दिली’. बंदर घेतले तिथे ‘हूल दिली’. आणि ह्या मोहिमेपर्यंत तो ब्राझीलच्या आरमाराचा मुख्य झालेला होता, तेव्हा तिथे कप्तान काढून खुशाल सरखेल घाला.