मायोब्लास्टच्या पृष्ठभागावरची प्रथिनं फ्यूजनच्या काळात कशी मोजावीत? सल्ला हवा

मुक्ता_सीटूसी
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष, सी२सी१२ पेशींवर (उंदराच्या स्नायू बनवणाऱ्या पेशी) काम करते. मायोब्लास्ट (स्नायूंच्या कच्च्या पेशी) जुळून, म्हणजे फ्यूजन होऊन, मायोट्यूब (लांब जोडपेशी) होईपर्यंत पृष्ठभागावर कोणतं प्रथिन चढतं आणि कोणतं उतरतं, हे दिवस ०, १, २, ३ आणि ५ ला बघायचं आहे. आजवर पेशी फोडून अख्ख्या लायसेटचे वेस्टर्न (जेलवर वेगळी करून प्रतिपिंडांनी प्रथिनं ओळखणं) केले. एम-कॅडहेरिन आणि एनकॅम या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांचे बँड छान येतात. पण परवा गाईडनी विचारलं, "हे पेशीच्या बाहेर आहे की आतच पडून आहे?" मला सांगता आलं नाही. फ्लो (फ्लो सायटोमेट्री, एकेक पेशी मशीनमधून मोजणं) करू की बायोटिन (पृष्ठभागावरच्या प्रथिनांना चिकटवायची खूण) लावू? पैसे बेताचे, मास स्पेक (सगळी प्रथिनं एकदम ओळखणारी चाचणी) एकदाच परवडेल. मायोमिक्सर (पेशी जुळवणारं प्रथिन) तर वेस्टर्नमध्ये दोन्ही वेळा दिसलंच नाही.

सह्याद्री७
दिवस ० आणि १ ला फ्लो चालेल, पण पेशी ट्रिप्सिनने काढू नका. ते पृष्ठभागावरची प्रथिनंच कातरतं, मग मोजणार काय? ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशी सोडवतं) किंवा ॲक्युटेज (सौम्य विकर) वापरा. दुसऱ्या दिवसानंतर मात्र फ्लोचा नाद सोडा. लांब मायोट्यूब काढताना तुटतात, आणि जे मशीनमधून जातं ते न जुळलेल्या पेशींचंच असतं.

रेवाताई
मुक्ता, बायोटिनच लाव. एसएस-दुव्याचं सल्फो-एनएचएस-बायोटिन पेशीच्या आत शिरत नाही आणि डीटीटीने (एसएस-दुवा तोडणारं रसायन) सुटतं, म्हणून बायोटिन पकडणाऱ्या मण्यांवरून प्रथिन सोडवणं सोपं जातं.

मी अनेक वर्षं हेच करते आहे. फसगत होते ती अशी: बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडू नकोस. ती खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर ओल धरते आणि अभिकर्मक वाया जातो. द्रावण लावायच्या क्षणीच बनव, पाण्यात ते फार टिकत नाही. आधी थंड पीबीएसने (फॉस्फेटचं खारं द्रावण) तीनदा धू, सीरमची प्रथिनं उरली तर सगळं बायोटिन तीच खातात. पीबीएसमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम हवंच. ते नसलं की कॅडहेरिनची पकड सुटते आणि तिसऱ्या दिवसाचा थर चादरीसारखा उचलला जातो. डिश बर्फावर ठेवून तीस मिनिटं, मग ट्रिस किंवा ग्लायसिनने थांबव. ट्रिस त्याआधी कुठेही नको.

आता खरी गोम. पेशी जुळाव्यात म्हणून सीरम कमी केलं की बऱ्याच पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीच्या आतल्या प्रथिनांनाही बायोटिन लागतं. म्हणून मण्यांवरून उतरलेल्या नमुन्यात ट्यूब्युलिन (पेशीच्या आतलं प्रथिन) बघ. तिथे ठळक बँड आला तर त्या दिवसाच्या डिशवर विसंबू नकोस. बायोटिन न लावलेली एक डिशही दरवेळी ठेव.

मायोमिक्सर उंदरात फक्त ८४ अमिनो आम्लांचं आहे. नेहमीच्या दहा टक्के जेलमधून ते पळून गेलं असणार. १६ टक्के ट्रायसिन जेल आणि ०.२ मायक्रॉनचं मेम्ब्रेन घे. मायोमेकर, म्हणजे पेशी जुळवणारं दुसरं प्रथिन, पेशीच्या मेम्ब्रेनमधून सात वेळा आरपार जातं. तो नमुना उकळू नकोस, गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतो. ३७ अंशांवर ठेव.

नागपूरकर_बायो
रेवाताईंशी सहमत. एकच भर: तुझ्या पाच दिवसांत दोन गोष्टी एकत्र घडतात, पेशी बदलते आणि पेशी जुळते. पृष्ठभागावरचा बदल यातल्या कशामुळे, हे वेगळं काढल्याशिवाय गाईडच्या पुढच्या प्रश्नालाही उत्तर नसेल. कॅल्शियम काढलं की फ्यूजन थांबतं, हे शाइनबर्ग, यागिल आणि याफे यांनी १९६९ मध्येच दाखवलं. म्हणून एक संच ईजीटीएत (कॅल्शियम बांधणारं रसायन) ठेव. पेशींत मायोजेनिन येतं, मायोसिन येतं (स्नायूपेशी होत असल्याच्या खुणा), पण त्या वेगवेगळ्याच राहतात. कमतरता अशी, की कॅडहेरिनलाही कॅल्शियम लागतं, तेव्हा त्याचं वाचन या संचात गढूळ होईल. मायोमेकर काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या तर उत्तम. मायोमेकर २०१३ मध्ये एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते दोन्ही पेशींवर लागतं, मायोमिक्सर एकीवर असलं तरी पुरतं. या दोघांच्या जोरावर एरवी न जुळणारे फायब्रोब्लास्टसुद्धा (संयोजी ऊतीच्या पेशी) एकमेकांत मिसळतात, इतकी त्यांची ताकद आहे!

मुक्ता_सीटूसी
मनापासून आभार. ट्यूब्युलिन खरंच तपासलं नव्हतं, आणि मायोमिक्सरला दहा टक्क्यांचंच जेल वापरत होते. एक शंका: दुसऱ्या दिवशी अ‍ॅनेक्सिन व्ही (मरणाऱ्या पेशी ओळखायची खूण) लावलं तर जिवंत दिसणाऱ्या, रांगेत लागलेल्या पेशीही चमकतात. मरत आहेत का?

रेवाताई
नाही गं, लगेच तसं धरू नकोस. ती खूण ज्याला चिकटते ते फॉस्फॅटिडिलसेरिन (एक मेद) एरवी मेम्ब्रेनच्या आतल्या बाजूला असतं, पण जुळायच्या सुमारास ते निरोगी मायोब्लास्टवरही बाहेर येतं. सोबत प्रोपिडियम आयोडाइड लाव, ते आत शिरलं तरच ती पेशी मेलेली मान. आणि पद्धत नीट बसली का, हे बघायला एक उतरणारं प्रथिन ठेव. फायब्रोनेक्टिन मायोट्यूब होताना पृष्ठभागावरून कमी होतं. ते शून्याव्या दिवशी भरपूर आणि पाचव्या दिवशी कमी आलं, की मगच मास स्पेकचे पैसे भर.

सह्याद्री७
पेशी कोणत्या पॅसेजच्या (कितव्यांदा नव्या डिशमध्ये पसरवलेल्या) आहेत? थर एकदाही पूर्ण भरू दिला असेल तर जुळणाऱ्या पेशी आधीच निघून गेलेल्या असतात, उरतात त्या आळशी. ६०-७० टक्क्यांवरच पॅसेज करायचा. शंका असेल तर कमी पॅसेजची जुनी गोठवलेली व्हायल काढ आणि सगळे दिवस त्याच एका खेपेत लाव.

मुक्ता_सीटूसी
पॅसेज १९, आणि दोनदा थर भरला होता. उद्या पॅसेज ६ ची व्हायल काढते.