फ्लायची गाठ सुटायलीय सारखी, कोणती बांधू? (येलदरी, चिलापी आणि मरळ)

पूर्णाकाठ_परभणी
नमस्कार मंडळी. गळ-गांडुळाची मासेमारी लहानपणापासून करतो, पण फ्लायची (पिसांचा खोटा किडा गळावर बांधून मासा धरायची) काठी हातात येऊन सहाच महिने झाले. येलदरी धरणाच्या बॅकवॉटरला चिलापीसाठी जायलो. काठी ५ नंबरची, टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा) साधा नायलॉन ०.२० मिमी, फ्लाय १० नंबरच्या गळावर घरीच बांधलेल्या, गावठी कोंबड्याच्या मानेच्या पिसांच्या. मागच्या तीन रविवारांत सात फ्लाय गेल्या. मासा लागतो, दोन झटके देतो, अन् दोरा एकदम हलका होऊन हातात येतो. एक फ्लाय बांधायला मला अर्धा तास लागतो, जीव तुटतो.

बारीक फ्लायला कोणती गाठ, अन् मरळीच्या बेडूक-फ्लायला (१/० गळ, २० पौंडी दोरा) कोणती, एवढं सांगा. वय ५२, चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, अन् दिवस मावळतानाच नवी फ्लाय लावायची वेळ येते. बजेट ५०० रुपये, म्हणजे फक्त दोरा. काठी-रील बदलायचं नाही.

मरळवाला_नांदेड
पालोमर. दुसरं काही बघूच नका. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून (भोकातून) काढायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी गाठ मारायची, राहिलेल्या फासातून अख्खी फ्लाय काढायची, ओला करून ओढायचा. विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला साडेतीन किलोची मरळ मी याच गाठीवर काढलीय, पाणकणसाच्या बेटातून ओढून. अन् ५ नंबरच्या काठीनं मरळ होत नसते. ८ नंबरची घ्या, आठ-नऊ हजारांत बरी मिळते.

पूर्णाकाठ_परभणी
दादा, काठी घ्यायची नाही म्हणलोय ना.

गेवराई_गोदातीर
क्लिंच, पण सुधारित. डोळ्यातून दोरा काढून मूळ दोऱ्याला पाच फेरे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून परत. बरेच जण हा शेवटचा टप्पा गाळतात. ओढायच्या आधी थुंकी लावाच. कोरडा नायलॉन घासला की तापतो अन् गाठीच्या जागीच कमजोर होतो. वीस वर्षं हीच बांधतोय.

माजलगाव_बॅकवॉटर
गाठीला कशाला दोष देताय, दोरा बघा आधी. मी एका दुकानातून दोन रिळं घेतली. दुकानदारानं ती काचेच्या कपाटात, दक्षिणेच्या उन्हात टांगलेली. पहिल्याच दिवशी तंगूस हातानं तुटायला लागला. परत द्यायला गेलो तर ऐकून घेतलं नाही. नायलॉन उन्हानं सडतो. आपल्याकडं मे महिन्यात गाडीत ठेवलेलं रीळ खुशाल फेकून द्या. फ्लुरोकार्बनचा दोरा घ्या, त्याला ऊन लागत नाही.

उदगीर_तिरू
फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो हे पण सांगा. बेडूक-फ्लाय वर तरंगायला पाहिजे, अन् तो दोरा तिला नाकाकडून खाली ओढतो. शिवाय ताठ असतो, गाठ नीट बसली नाही तर सरकतो. बारीक बुडत्या फ्लायला चालेल, मरळीला नको.

माजलगाव_बॅकवॉटर
२० पौंडी जाड दोऱ्यानं कितीसा फरक पडतो?

उदगीर_तिरू
पडतो. मी दोन्ही वापरलेत.

बरं, पूर्णाकाठ, एक महत्त्वाचं विचारतो. फ्लाय गेल्यावर दोऱ्याचं टोक बघितलं का? डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकून सुटलीय. सरळ तुटलेलं असेल तर दोरा तुटलाय, झटक्यानं किंवा दगडाला घासून. ते कळल्याशिवाय सगळे अंधारात दगड मारायलेत.

पूर्णाकाठ_परभणी
हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन टोकं दोऱ्याच्या पाकिटात पडलेली होती, आत्ता काढून बघितली. दोन्ही कुरळी.

उदगीर_तिरू
मग गाठच. आतापर्यंत कोणती बांधत होता?

पूर्णाकाठ_परभणी
साधी क्लिंच, तीन फेरे. शेवटचं टोक परत घालायचं असतं हे वर गेवराईकरांनी लिहिलं तेव्हा कळलं. थुंकी कधी लावत होतो, कधी नाही.

गेवराई_गोदातीर
मग झालं की. फेरे पाच करा, टोक परत घाला. ०.२० ला तीन फेरे फार कमी.

भोई_बाबा
आमच्यात बिनडोळ्याचे गळ असायचे. दांड्यावर दोरा ठेवून सात फेरे, टोक खालून घालून ओढायचं. वडिलांनी शिकवलेली गाठ आहे, एकदा बसली की सुटत नाही.

उदगीर_तिरू
बाबा, गाठ पक्की आहे, पण फ्लायचा दांडा पिसांनी भरलेला असतो. फेरे द्यायला जागा राहत नाही.

मरळीच्या फ्लायला माझं मत न सरकणाऱ्या फासाचं. लेफ्टी क्रे नावाच्या अमेरिकन मच्छीमारानं ही गाठ लोकप्रिय केली. आधी दोऱ्यावर सैल गाठ, टोक डोळ्यातून नेऊन त्याच गाठीतून परत, मूळ दोऱ्याला फेरे, अन् पुन्हा गाठीतून ज्या बाजूनं आलं त्याच बाजूनं. फेरे जाडीवर: बारीकला सात, २० पौंडीला चार. फास मोकळा राहतो, फ्लाय मोकळी हलते. जाड दोरा घट्ट आवळला तर बेडूक काठीला बांधल्यासारखा चालतो.

मरळवाला_नांदेड
मरळ बेडकाची चाल बघायला थांबते का? धडक मारते. सध्या पिल्लांचे लाल थवे वर दिसायलेत, त्यांच्यावर फ्लाय टाकली की आई लगेच येते.

भोई_बाबा
असं करू नका. नर-मादी दोघं पिल्लं राखतात. ती काढली की अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. आमच्या तळ्यावर थवा दिसला की जाळं उचलून दुसरीकडं जायचं, ही रीत होती. तळ्यात आता मरळ का नाही ते यातच आहे.

मरळवाला_नांदेड
मी धरून सोडतो, बाबा.

भोई_बाबा
सोडेपर्यंत पिल्लं जातात.

जिंतूर_नवखा
पालोमर सगळ्यात सोपी अन् मजबूत आहे. मी पण तीच बांधतो.

पूर्णाकाठ_परभणी
मंडळी, चार दिवस घरी बसून बघितलं. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला दोरा बांधला, खाली गळाला बादली, अन् मापानं एकेक लिटर पाणी. प्रत्येक गाठ दहा वेळा, सगळ्या ओल्या करून. ०.२० वर माझी जुनी तीन फेऱ्यांची क्लिंच दोन लिटरच्या आत सरकली. पाच फेऱ्यांची सुधारित क्लिंच तीनपर्यंत टिकली. पालोमर सगळ्यांत जास्त, हे नांदेडकरांचं खरं. पण १० नंबरच्या डोळ्यात दुहेरी दोरा मला दिवसासुद्धा दहातून चार वेळा गेला नाही, अन् दर वेळी वीतभर टिपेट खर्च होतं.

तर मी युनी नावाची गाठ बांधणार. इथं कुणी सुचवली नाही, पण गळ-गांडुळाला हीच बांधत आलोय. डोळ्यातून दोरा काढून मागं फास करायचा, फासाच्या आतून पाच फेरे, ओला करून ओढायचं. क्लिंचपेक्षा पाव लिटर कमी धरली, पण डोळे मिटून दहातून दहा वेळा बसली. मरळीला तीच गाठ तीन फेऱ्यांची, पूर्ण न सरकवता लहान फास ठेवून. मासा ओढेल तेव्हा तो आवळतो.

उदगीर_तिरू
एक मासा लागला की फास आवळला, पुन्हा मोकळा करावा लागणार. न सरकणाऱ्या फासात ती कटकट नाही.

पूर्णाकाठ_परभणी
करीन मोकळा. अंधारात नवी गाठ शिकण्यापेक्षा ते जमेल मला. अन् बाबा, थवा दिसला तर तिथं टाकणार नाही. रविवारी फक्त चिलापी.