आज काय जमलं? पोलीस कोर्समधल्या रोजनिशीबद्दल लिहा

नाशिकची अकादमी असो, खंडाळा असो की अकोला, कोर्स लागला की रोजनिशी मागे लागते. रात्रीची हजेरी झाली की 'आज काय शिकलो' लिहायचं. वह्यांत पीटी, परेड, लेक्चर एवढंच येतं. माणसं हाताळायला काय नवं जमलं, ते क्वचितच. तेवढंच इथे लिहा. हुद्दा चालेल, नाव-गाव नको.

खात्याची परीक्षा देऊन हवालदाराचा फौजदार
इतकी वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर पाय आपटले, त्यामुळे स्क्वॉडपुढे उभं राहिल्यावर घशातून आवाजच निघेना. कवायत शिकवणारे उस्ताद म्हणाले, "ओरडू नका, थांबा. 'परेड' म्हटल्यावर एक श्वास जाऊ द्या, मग 'सावधान'." तो श्वास सापडायला बरेच दिवस गेले. आता ठाण्यात सकाळी कामाचं वाटप सांगतानाही तसाच थांबतो. मागच्या रांगेतली कुजबुज आपोआप बंद होते.

महिला पीएसआय, थेट भरती
मला आठवतो घरझडतीचा सराव. एका खोलीत लोखंडी कपाट, गादीखाली लपवलेली नकली पोत, पंच म्हणून दोघे सहकारी आणि आरोपीची आई म्हणून रडायला बसवलेली आमचीच एक मैत्रीण. (ती इतकं छान रडायची की तिला दर वेळी तेच काम.) 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं, जप्तीची यादी आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट. आमच्या आधीच्या तुकडीत तिघांच्या हातात मोबाइल आणि पंच व्हरांड्यात गप्पा मारत! आमची पाळी आली तेव्हा मी दारातच वाटणी केली: चित्रण एकच जण करेल, एक जण वस्तू पंचांना दाखवेल, एक जण यादी लिहील, आणि आईशी मी बोलेन. काय करतोय, का करतोय ते तिला सांगितलं. रात्री वहीत लिहिलं, 'आज मी कशालाही हात लावला नाही, काम पूर्ण झालं.' त्या वहीतलं माझं ते एकमेव वाचण्यासारखं वाक्य असावं.

आंतरवर्ग (म्हणजे वर्गातले विषय शिकवणारा) शिक्षक
'आजचा दिवस उत्साहवर्धक गेला.' वही कोणाचीही उघडा, हे वाक्य आहेच, शेजारच्या कॉटवरून उतरवलेलं. एका केंद्रावर तर तपासणीच्या आदल्या रात्री सगळ्या वह्या एकाच पेनाने भरल्या जायच्या. 'पाहिले' लिहून सही ठोकणं सोपं असतं. हल्ली मी समासात एकच विचारतो: आज कोणाचं ऐकून घेतलंत? उत्तरं दोन ओळींची येतात, पण ज्याची त्याची असतात.

पोलिसाची बायको
मी खात्यातली नाही, चालेल ना? हे कोर्सला होते तेव्हा हजेरीनंतर फोन यायचा. आधी नुसते पायाचे फोड आणि मेसची डाळ. मग एकदा म्हणाले, "आज बंदोबस्ताचा नकाशा काढला. पॉइंटवरच्या पोरांना पाणी कोण पोचवणार, त्यांच्या जागी दुसरे कधी येणार, बायकांना बाथरूम कुठे, सगळं लिहिलं." मी म्हटलं, गणपतीत तुम्हाला कुणी विचारलं होतं का हे? तर म्हणाले, "म्हणूनच लिहिलं."

निवृत्त सहायक फौजदार
कोर्समध्ये सगळे एकाच हुद्द्याचे, हुकूम ऐकतातच. खरी ओढाताण ठाण्यात. पंचविशीतल्या साहेबाला पन्नाशीच्या माणसाची रात्रपाळी लावायची असते. आमच्याकडे आलेल्या अशाच एका पोरसवदा साहेबांनी पहिल्याच दिवशी मला बसायला खुर्ची दिली. "दादा, या हद्दीतले रस्ते मला समजावून सांगा, मग नाकाबंदी कुठे लावायची ते ठरवू." ठरली ती मी सांगितलेल्याच फाट्यावर, आणि ड्युटीही माझीच लागली! रात्रभर थंडीत उभा राहिलो, पण कुरकुर करायला तोंड नव्हतं. आता हे ते कोर्समध्ये शिकले की घरून घेऊन आले, त्यांची वही बघितल्याशिवाय कसं सांगू?